शिष्यशिक्षकांची परंपरा : मद्रास पद्धतीचे देशी मूळ आणि मुंबई इलाख्यातील तिचे पुनरागमन

१

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये गोरगरिबांच्या शिक्षणाची जी मोठी चळवळ झाली, ती एका अगदी साध्या कल्पनेच्या पायावर उभी होती. ज्या मुलास एखादा पाठ नुकताच आला आहे, त्यानेच तो न येणाऱ्या मुलास शिकवावा, ही ती कल्पना होय. या पद्धतीस तिकडे 'मद्रास पद्धती' असे म्हणत. पुढे थोड्याच वर्षांनी हीच पद्धती मुंबई इलाख्यात आली, तेव्हा मात्र ती 'लँकेस्टरची पद्धती' म्हणून ओळखली जाऊ लागली. हिंदुस्थानातील एका शहराचे नाव धारण करून परदेशी गेलेली वस्तू परत येताना एका इंग्रज गृहस्थाचे नाव घेऊन आली, ही गोष्ट शिक्षणाच्या इतिहासाच्या अभ्यासकाने सहज म्हणून सोडून देण्याजोगी नाही.

या विषयावर आजवर जे लेखन झाले आहे त्यात दोन टोकाची मते आढळतात. एका मताप्रमाणे ही पद्धती सर्वस्वी अँड्र्यू बेल याच्या बुद्धीची निर्मिती होय. दुसऱ्या मताप्रमाणे ती आपल्या गावठी शाळांतून उचललेली असून बेलने तिच्यावर केवळ आपला शिक्का मारला. प्रस्तुत लेखात या दोन्ही मतांची छाननी करून बेलने देशी शाळेकडून काय घेतले, त्यात स्वतःची कोणती भर घातली आणि ही पद्धती परत आली तेव्हा तिची ओळख का पटली नाही, या तीन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

२

अँड्र्यू बेल याचा जन्म १७५३ साली स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे झाला. काही वर्षे अमेरिकेतील व्हर्जिनिया येथे खाजगी शिक्षक म्हणून काढल्यावर तो परतला, त्याने इंग्लंडच्या चर्चची दीक्षा घेतली आणि १७८७ साली तो मद्रासला आला. १७८९ साली एग्मोर येथे मुलग्यांसाठी जो अनाथाश्रम निघाला, त्याची देखरेख त्याच्याकडे आली. हा आश्रम युरोपीय सैनिकांना हिंदी स्त्रियांपासून झालेल्या मुलांसाठी होता. ही मुले बापाच्या समाजात पूर्णपणे सामावली जात नसत व आईच्या समाजातही त्यांना स्थान नसे. त्यांना ख्रिस्ती धर्माचे शिक्षण द्यावे आणि पोटापुरते काम येईल इतपत शहाणे करावे, हा आश्रमाचा हेतू होता.

बेलची पहिली अडचण शिक्षकांची होती. आश्रमात जे प्रौढ शिक्षक होते त्यांच्या कामावर तो संतुष्ट नव्हता. अशा स्थितीत त्याने मद्रासमधील एका देशी शाळेत मुले जमिनीवर वाळू पसरून तीत बोटाने अक्षरे काढीत असलेली पाहिली. हीच रीत आपल्या सर्वांत खालच्या वर्गात सुरू करावी, असे त्याने शिक्षकांस सांगितले. शिक्षकांनी चालढकल केली व शेवटी हे होण्यासारखे नाही असे कळविले. तेव्हा बेलने ते काम जॉन फ्रिस्केन नावाच्या सुमारे आठ वर्षांच्या एका विद्यार्थ्यावर सोपविले. हा एका सामान्य शिपायाचा मुलगा. मोठ्या माणसांना जे जमले नव्हते ते या मुलाने करून दाखविले. या यशाने बेलला धीर आला आणि हळूहळू त्याने वर्गांमागून वर्ग मुलांच्याच हाती दिले.

आश्रमाची जी रचना पुढे सिद्ध झाली ती अशी : प्रत्येक वर्गात मुलांच्या जोड्या लावलेल्या असत. जोडीतील एक सांगणारा व दुसरा शिकणारा. वर्गावर एक शिष्यशिक्षक व त्याचा एक मदतनीस असे. हे सर्व आश्रमातीलच विद्यार्थी. मुलाचा पाठ चांगला झाला की तो वर चढे, कच्चा राहिला की खाली येई. त्यामुळे आजचा शिकणारा उद्याचा सांगणारा होऊ शके. अपराधांची नोंद एका वहीत ठेवीत आणि त्यांचा निवाडा मुलांतूनच नेमलेले पंच करीत. सुमारे २०० मुलांचा हा आश्रम अशा रीतीने मुलांच्याच बळावर चालला. येथील विल्यम स्मिथ नावाचा विद्यार्थी १७९४ साली, टिपू सुलतानाचे ओलीस पुत्र परत पोचविण्यास गेलेल्या मंडळींबरोबर गेला होता आणि त्याने टिपूच्या दरबारी पदार्थविज्ञानाचे प्रयोग करून दाखविले. आश्रमाच्या शिक्षणाचा हा पुरावा बेलने मोठ्या अभिमानाने पुढे मांडला.

१७९६ साली बेल स्वदेशी परतला व १७९७ साली त्याने या प्रयोगाची हकीकत एका छोट्या पुस्तकरूपाने लंडन येथे प्रसिद्ध केली. या पुस्तकाविषयी एक गोष्ट बारकाईने ध्यानात घेतली पाहिजे. वाळूत अक्षरे काढण्याची रीत आपण देशी शाळेत पाहिली, हे बेल मोकळेपणाने सांगतो. परंतु मुलांनी मुलांस शिकविणे हा शोध तो स्वतःचा मानतो. म्हणजे त्याने लेखी कबूल केलेले ऋण वाळूपुरतेच आहे. देशी मूळाचा पक्ष मांडणाऱ्यांनी ही गोष्ट पुष्कळदा नजरेआड केली आहे. त्याचप्रमाणे बेलने त्या शाळेस 'मलबारी' म्हटले म्हणून काहींनी ती केरळात शोधली, तेही चुकीचे आहे. अठराव्या शतकातील युरोपीय लेखनात 'मलबारी' हा शब्द तमिळ भाषा व तमिळ लोक यांस सर्रास लावीत. शाळा मद्रासची, म्हणजे तमिळ होती.

३

आता देशी शाळेत परस्परांस शिकविण्याची चाल होती काय, हे पाहू. यासंबंधी सर्वांत जुना व विश्वसनीय परकीय साक्षीदार पिएत्रो देल्ला वाल्ले हा इटालियन प्रवासी होय. १६२३ च्या नोव्हेंबरात तो केळदीच्या नायकांची राजधानी इक्केरी येथे होता. एका देवळाच्या ओसरीवर चार मुले अंकगणित शिकत असलेली त्याने पाहिली. एक मुलगा सुरावर पाठ म्हणे आणि म्हणता म्हणता जमिनीवरील बारीक वाळूत बोटाने आकडा काढी. उरलेले तिघे त्याच्यामागून तसेच म्हणत व लिहीत. जमीन भरली की आकडे पुसून पुन्हा वाळू पसरीत. गुरुजी जवळ नव्हते. चुकल्यास तुम्हांला दुरुस्त कोण करतो, असे विचारता त्या मुलांनी उत्तर दिले की, चौघेही एकाच वेळी एकच गोष्ट विसरणे शक्य नाही. एक विसरला तर दुसरा सांगतो. बेलच्या आगमनापूर्वी १६० हून अधिक वर्षे अगोदरचा हा पुरावा आहे आणि त्यात वाळू व परस्परशिक्षण ही दोन्ही अंगे एकत्र आलेली आहेत.

तमिळ प्रदेशात घराच्या ओट्यावर भरणाऱ्या शाळांना 'तिण्णै' शाळा म्हणत. या शाळांत वडील विद्यार्थ्याकडे लहानांचा पाठ घेण्याचे काम असे व त्या विद्यार्थ्यास 'सट्टाम्पिळ्ळै' ही स्वतंत्र संज्ञा होती. ज्या कामाला भाषेत नाव आहे ते काम त्या समाजात रूढ आहे, हे भाषेच्या अभ्यासकाला निराळे सांगावयास नको. आपल्याकडील पंतोजीच्या शाळेचे चित्रही याहून फार वेगळे नव्हते. देवळात, वाड्याच्या पडवीत किंवा पंतोजीच्या घरी शाळा भरे. धूळपाटीवर अक्षरे गिरविणे, कित्त्यावरून मोडीचे वळण साधणे, पावकी-निमकीपासून औटकीपर्यंत पाढे घोकणे आणि सायंकाळी परवचा म्हणणे, असा क्रम असे. एक मुलगा मोठ्याने सांगे व बाकीचे त्याच्यामागून म्हणत. निरनिराळ्या वयांची व निरनिराळ्या पाठांवरची मुले एकाच जागी असल्यामुळे थोरल्यांची मदत घेतल्यावाचून एका पंतोजीस सर्वांकडे पाहणे शक्यही नव्हते.

ही चाल खुद्द कंपनीच्या अधिकाऱ्यांच्याही ध्यानात आली होती. १८१३ च्या सनदेने शिक्षणासाठी वर्षाकाठी एक लाख रुपये बाजूस काढण्याची तरतूद झाली. त्यानंतर ३ जून १८१४ रोजी कंपनीच्या संचालकांनी बंगाल सरकारास जो खलिता धाडला, त्यात हिंदुस्थानातील गावठी शिक्षकांची रीत अनादि काळापासून चालत आलेली आहे व डॉ. बेल यांच्या द्वारा तिचा इंग्लंडमध्ये स्वीकार झाला हा तिचा मोठाच गौरव होय, अशा अर्थाचे स्पष्ट विधान आहे. बेल्लारीचा कलेक्टर ए. डी. कॅम्पबेल याने १८२३ साली मद्रास सरकारास पाठविलेल्या अहवालातही, पुढे गेलेल्या मुलांकडून मागे असलेल्यांस शिकविण्याच्या देशी चालीची स्तुती केली असून इंग्लंडने तिचे अनुकरण केले ते योग्यच केले, असे म्हटले आहे. धरमपाल यांनी १९८३ साली मद्रास इलाख्याच्या पाहणीचे जे कागद प्रसिद्ध केले, त्यांमुळे हा अहवाल पुष्कळांच्या परिचयाचा झाला आहे.

४

यावरून बेलने ही कल्पना जशीच्या तशी उचलली असे सिद्ध होते काय? माझ्या मते तसे म्हणणे सावधपणाचे होणार नाही. कारण थोरल्या मुलांकडून धाकट्यांस शिकविण्याची चाल ख्रिस्ती शिक्षणपरंपरेतही नवी नव्हती. येशू संघाच्या १५९९ च्या शिक्षणनियमावलीत वर्गातील पाठ म्हणून घेण्यासाठी विद्यार्थ्यांतूनच 'दशनायक' नेमण्याची सोय आहे. त्याच्याही आधी, १५४२ ते १५४४ च्या सुमारास, फ्रान्सिस झेवियर हा तमिळ किनाऱ्यावर कोळी बांधवांत काम करीत असता, प्रार्थना पाठ झालेल्या मुलांना तो घरोघर पाठवी. आईबाप, शेजारी व आजारी माणसे यांना ती मुले प्रार्थना शिकवीत. झेवियरला स्वतःला तमिळ भाषा नीट येत नव्हती. भाषेची ती उणीव या मुलांनी भरून काढली. ख्रिस्ती धर्मशिक्षणात मूल हे शिक्षकाचे साधन झाल्याचा हिंदुस्थानातील हा एक फार जुना दाखला होय.

तेव्हा बेलपुढे दोन्ही परंपरा होत्या, असे म्हणणे अधिक सयुक्तिक आहे. मात्र ज्या शाळेतून त्याने वाळू आणली तशा शाळांत परस्परशिक्षणाची चाल होती, आणि ती त्याच्या दृष्टीस पडली नसेल हे मानणे कठीण आहे. त्याची स्वतःची भर कोणती, तेही त्याचप्रमाणे स्पष्ट सांगितले पाहिजे. देशी शाळेत वडील विद्यार्थी हा पंतोजीचा हात होता. गुरू व शिष्य यांच्यामधला तो एक दुवा होता. बेलने या दुव्याची संस्था बनविली. प्रौढ शिक्षकांस बाजूला सारून सबंध शाळा मुलांवर उभी करणे, जोड्या व वर्ग यांची चढ-उताराची शिस्त घालणे, नोंदी ठेवणे व या सर्वांचे शास्त्र म्हणून प्रतिपादन करणे ही त्याची करणी होय. साहित्य देशी होते, बांधणी त्याची होती.

५

इंग्लंडमध्ये पुढे जे घडले ते थोडक्यात सांगता येईल. १७९८ साली जोसेफ लँकेस्टर या क्वेकर पंथाच्या तरुणाने लंडनच्या बरो रोड भागात गरिबांची शाळा काढली व १८०३ साली आपल्या सुधारणांचे पुस्तक प्रसिद्ध केले. एका शिक्षकाच्या नजरेखाली शेकडो मुले, दहाबारा मुलांमागे एक मॉनिटर, भिंतीवर टांगलेले वाचनपट, त्यांच्यासमोर अर्धवर्तुळात उभी राहिलेली मुले, पाट्या, हुकूम आणि बिल्ले असा त्याचा थाट होता. खर्च अत्यल्प असल्यामुळे ही पद्धती झपाट्याने पसरली. लँकेस्टरच्या शाळांत बायबल वाचीत, पण कोणा एका पंथाची प्रश्नोत्तरी शिकवीत नसत. इंग्लंडच्या चर्चच्या अभिमान्यांना हे खपले नाही. १८०५ साली सारा ट्रिमर या लेखिकेने लँकेस्टरवर टीका करून बेलचे श्रेष्ठत्व पुढे आणले आणि मग दोन तट पडले. चर्चवाल्यांनी १८११ साली 'नॅशनल सोसायटी' स्थापून बेलची पद्धती स्वीकारली. लँकेस्टरच्या अनुयायांची संस्था १८१४ पासून 'ब्रिटिश अँड फॉरिन स्कूल सोसायटी' या नावाने चालू लागली. मद्रासच्या ओट्यावरून आलेल्या एका चालीवरून इंग्लंडमधील दोन धर्मपक्ष एकमेकांशी झगडू लागले.

या चळवळीचे दोषही लवकरच दिसू लागले. दहाबारा वर्षांच्या मॉनिटरला जेवढे येई तेवढेच तो सांगू शके. पाठाचा अर्थ बाजूला राहून नुसते म्हणणे उरले. शिवाय बेल स्वतः गरिबांच्या मुलांना त्यांच्या पायरीपलीकडचे शिक्षण देण्यास अनुकूल नव्हता. सर्वांना लिहिणे व हिशेब शिकविलाच पाहिजे असे नाही, असे मत त्याने पुढे मांडले. एग्मोरच्या अनाथ मुलांना पदार्थविज्ञानापर्यंत नेणाऱ्या मनुष्याने मायदेशी असे म्हणावे, हा विरोध मोठा बोलका आहे. १८४६ साली के-शटलवर्थ याच्या पुढाकाराने तेरा वर्षांवरील निवडक विद्यार्थ्यांना पाच वर्षे वेतन देऊन उमेदवार शिक्षक करण्याची योजना आली आणि मॉनिटरची जागा त्या उमेदवाराने घेतली.

६

मुंबई इलाख्यात या पद्धतीचा प्रवेश दोन वाटांनी झाला. पहिली वाट चर्चची. मुंबईत १७१८ साली रिचर्ड कॉब या धर्मोपदेशकाने एक धर्मार्थ शाळा सुरू केली होती. १८१५ साली आर्चडीकन बार्न्स यांच्या पुढाकाराने गरिबांच्या शिक्षणासाठी संस्था निघाली. तीच पुढे 'बॉम्बे एज्युकेशन सोसायटी' या नावाने प्रसिद्धीस आली. या संस्थेने ती शाळा आपल्याकडे घेतली व ती बेलच्या पद्धतीने चालविली. येथील मुले एग्मोरच्याच जातीची, म्हणजे बहुधा युरोपीय शिपायांची अपत्ये होती. देवळाली येथील बार्न्स स्कूल (१९२५) ही याच परंपरेची पुढची शाखा आहे. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ साली मुंबईत आले. त्यांच्या मोफत शाळांतून पुस्तक ख्रिस्ती असे, पण शिकविणारा बहुधा हिंदू पंतोजीच असे. त्यामुळे तेथे आशय नवा व शिकविण्याची चाल जुनी असा योग जुळून आला.

दुसरी वाट सरकारच्या आश्रयाने चाललेल्या देशी शिक्षणाची. बॉम्बे एज्युकेशन सोसायटीने १८२० साली देशी शाळांसाठी वेगळी समिती नेमली आणि १८२२ साली तिच्यातून शाळा व शालेय पुस्तके यांसाठी स्वतंत्र मंडळी निघाली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे तिचे चिटणीस होते व सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे हे देशी चिटणीस होते. या मंडळीने देशी शाळांची पाहणी करून त्यांचे दोष निश्चित केले. पुस्तकांचा अभाव, शिकविण्याची सदोष रीत, लायक शिक्षकांची व पैशाची वाण, हे ते दोष होत. यांपैकी सदोष रीतीवर उपाय म्हणून लँकेस्टरच्या पद्धतीचा पुरस्कार करण्यात आला. एल्फिन्स्टनने १८२४ सालच्या आपल्या सुप्रसिद्ध टिपणात जे उपाय सांगितले, त्यांतही देशी शाळांतील शिकविण्याची रीत सुधारणे व शाळांची संख्या वाढविणे यांस पहिले स्थान आहे. पुढे जर्व्हिस यांच्या हाताखाली नव्या रीतीत तयार झालेले शिक्षक १८२६ साली जिल्ह्याजिल्ह्यांत रवाना झाले.

येथे तारखांचा मेळ घालून पाहावा. १८१४ साली कंपनीचे संचालक सांगतात की, ही रीत हिंदुस्थानची आहे. १८२३ साली बेल्लारीचा कलेक्टर तेच सांगतो. आणि त्याच सुमारास मुंबईत पंतोजीच्या शाळेवरील औषध म्हणून तीच रीत लँकेस्टरच्या नावाने दिली जाते. मंडळीचा हेतू वाईट होता असे मुळीच नाही. छापील पुस्तके, वर्गांची निश्चिती व वेळापत्रक या गोष्टी पंतोजीच्या शाळेत खरोखरच नव्हत्या आणि त्या येणे इष्टच होते. पण सुधारणेची योजना आखताना पंतोजीच्या शाळेतील जे अंग इंग्लंडने आदर्श मानले तेही दोषांच्या राशीत गेले. वस्तू ओळखीची असूनही तिची वेशभूषा परकी असल्यामुळे ती ओळखू आली नाही. पंतोजीची प्रतिष्ठा जी उतरली, तिला हेही एक कारण झाले.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. १८४५ साली बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल वर्गाचे संचालकत्व आले. पण पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. १८५४ च्या वुडच्या खलित्याने इंग्लंडमधील उमेदवार-शिक्षकांची योजना हिंदुस्थानात आणण्याची शिफारस केली. म्हणजे सत्तर वर्षांच्या आत एकच कल्पना दोनदा समुद्र ओलांडून परत आली आणि दोन्ही वेळा ती नवी म्हणून स्वीकारली गेली.

७

आतापर्यंतच्या विवेचनात देशी शाळेची बाजू मांडली. तिची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. परस्परशिक्षणाची पहिली अट म्हणजे मुलांनी एकत्र बसणे ही होय. ज्याला शेजारी बसण्याचा अधिकार नाही, त्याला शेजाऱ्याकडून शिकताही येत नाही. मद्रास इलाख्यातील १८२२ ते १८२६ च्या पाहणीत तमिळ जिल्ह्यांच्या शाळांतून ब्राह्मणेतर मुलांची संख्या मोठी दिसते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. तथापि अस्पृश्य मानलेल्या जातींना आणि मुलींना ओट्यावरच्या व पडवीतल्या शाळा सामान्यतः बंदच होत्या. एग्मोरचा प्रयोग ज्या मुलांवर झाला, त्यांनाही जातीच्या चौकटीत जागा नव्हती. म्हणूनच तेथे कोणीही कोणाला शिकवू शकला. फुले यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ताबाई या मातंग समाजातील मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या मिशनच्या पत्रात प्रसिद्ध झाला. त्यात महारमांगांच्या दुःखाला जी वाचा फुटली, ती पंतोजीच्या पडवीत फुटली नसती, हे मान्य केलेच पाहिजे.

८

शेवटी शब्दांच्या इतिहासाकडे वळू. 'मॉनिटर' हा मूळचा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ आठवण देणारा, बजावणारा असा आहे. लँकेस्टरच्या शाळेत मॉनिटर शिकवी. मराठीत हा शब्द रूढ झाला, पण आज आपल्या शाळांतील मॉनिटर शिकवीत नाही. गुरुजी वर्गाबाहेर गेले की बोलणाऱ्या मुलांची नावे तो फळ्यावर लिहितो. शब्दातील अध्यापनाचा अंश झडून गेला आणि बंदोबस्ताचा तेवढा उरला. तमिळमधील 'सट्टाम्पिळ्ळै' या शब्दात 'सट्टम' म्हणजे नियम हे पद आहे. त्याचा मलयाळममधील भाऊबंद 'चट्टंबी' हा होय. केरळातील थोर सुधारक चट्टंबी स्वामी (१८५३–१९२४) यांना हे नाव गुरूच्या शाळेत ते वडील विद्यार्थी होते म्हणून मिळाले. परंतु आजच्या मलयाळममध्ये 'चट्टंबी' याचा रूढ अर्थ दांडगट, गुंड असा आहे. परस्परांशी संबंध नसलेल्या दोन शब्दांत अर्थाचा ओघ एकाच दिशेने वाहिला, हा निव्वळ योगायोग नव्हे. थोरल्या मुलाच्या हातून शिकविण्याचे काम काढून घेतले व अधिकार मात्र त्याच्याकडे राहू दिला, की त्या अधिकाराचे काय होते, याची साक्ष हे शब्द देतात.

सारांश, मद्रास पद्धती ही केवळ बेलची नव्हे व केवळ आपलीही नव्हे. तिचे बीज येथील ओट्यावर होते, ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या जुन्या चालीशी तिचे नाते होते आणि तिला संस्थेचे रूप एका अनाथाश्रमाच्या गरजेने दिले. इंग्लंडने तिच्यातील स्वस्तपणा तेवढा उचलला आणि ती यंत्रवत झाली. आपण यंत्र परत आणले आणि मूळ विसरलो. इक्केरीच्या त्या चार मुलांनी परक्या प्रवाशास जे उत्तर दिले, त्यात या पद्धतीचे सर्व मर्म आले आहे : एक विसरला तर दुसरा सांगतो. वडील विद्यार्थ्यांनी धाकट्यांस हाती धरण्याच्या योजना आजही आपल्या शाळा-महाविद्यालयांतून नव्या नावांनी निघतात. त्या आखताना धाकट्यावर नजर ठेवणारा मनुष्य आपणांस हवा आहे की त्याच्याबरोबर पाठ म्हणणारा, एवढा एक प्रश्न प्रथम विचारला तरी या इतिहासाचा अभ्यास सार्थकी लागला असे म्हणता येईल.